भुईचा ताप

उन्हाळा मोजण्याची आपली रीत मोठी सभ्य आहे. पांढऱ्या झडपांच्या पेटींत, सावलींत, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवलेला उष्णतामापक हवेचें तपमान सांगतो. दुसऱ्या दिवशीं 'जळगांव ४५ अंश' असें वर्तमानपत्रांत वाचून आम्ही खानदेशी माणसें थोडासा अभिमानहि मिरवतों. धुळें अर्ध्या अंशानें पुढें गेलें, तर हळहळतों! परंतु त्या पेटीच्या पायाशीं असलेल्या भुईला तिचा ताप कोणी विचारीत नाहीं.

विचारणारा निघाला तो आकाशांत. २०१३ सालीं सोडलेला लँडसॅट ८ हा उपग्रह ७०५ किलोमीटर उंचीवरून दर सोळा दिवसांनीं, सकाळीं अकराच्या सुमारास, तापीच्या खोऱ्यावरून जातो. तापलेली प्रत्येक वस्तु डोळ्यांना न दिसणारे किरण टाकीत असते. १८०० सालीं विल्यम हर्शेल यांनीं सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यांत तांबड्या रंगापलीकडे उष्णतामापक ठेवून असल्या किरणांचा शोध लावला. भुईचे हे किरण उपग्रह मोजतो. वाटेंत हवेंतील बाष्पानें गिळलेला भाग आणि माती, पानें यांचा निरनिराळा गुणधर्म हिशेबांत धरला, म्हणजे भुईच्या कातडीचें तपमान हातीं येतें.

मे महिन्यांतला असा एक नकाशा मीं पाहिला. त्यांत जळगांव शहराहूनहि भोंवतालचीं उघडीं काळीं रानें अधिक लाल होतीं. रावेर-यावलकडील केळीच्या बागा तेवढ्या निळ्या. पानें पाणी बाहेर टाकतात आणि त्या वाफेबरोबर उष्णता निघून जाते. पण हा गारवा फुकटचा नव्हे. जमिनीच्या पोटांतून उपसलेलें पाणीच तेथें निळ्या रंगानें दिसत असतें. विहिरीची खोली मात्र नकाशांत दिसत नाहीं.

आणि त्या लाल रानांत पऱ्हाट्या वेचणारी एखादी बाईहि दिसत नाहीं. उपग्रहाच्या एका चौकटींत शंभर मीटर लांबरुंद जमीन मावते. तींत ती कोठें तरी वाकलेली असते. पेटींतला आंकडा तिच्या डोक्याजवळच्या हवेचा. तिच्या पावलांखालच्या मातीचा नव्हे. उन्हाचे इशारे मात्र त्या पहिल्याच आंकड्यावरून निघतात. सोळा दिवसांतून एकदां मिळणारें हें माप रोजच्या इशाऱ्याला पुरणार नाहीं, हें खरें. परंतु कोणतीं रानें अधिक पोळतात, तें त्यावरून कळतें. आणि तेथील मजुरांना उजाडतांच कामाला लावून ऊन चढण्यापूर्वीं घरीं सोडावें, एवढें तरी त्यावरून ठरवितां येईल.