मेणाच्या पोटाचा दरवान

रेडिएटर तोंडावर वारा घेत ऐटीत पुढे उभा असतो, पंखा गरगरतो, पंप पाणी फिरवत राहतो. पण त्या पाण्याने रेडिएटरकडे जायचं की नाही, हे ठरवतो मुठीत मावणारा थर्मोस्टॅट. होज पाइपाच्या तोंडाशी, अंधारात बसलेला.

स्वारी भारी हट्टी. सकाळी तुम्हाला कितीही घाई असो, इंजिन तापल्याशिवाय हा दार उघडत नाही. कूलंट तोवर इंजिनातच घुटमळतं. याच्या अंगावर आकडा कोरलेला असतो, 82 नाहीतर 88. तेवढे अंश भरले की मगच दार किलकिलं.

याला ना वायर, ना वीज. पोटातल्या डबीत मेण असतं. ते वितळून फुगतं, दांडी रेटतं आणि झडप उघडते. गार झालं की स्प्रिंग ती मिटवते. पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवून बघा. बराच वेळ ढिम्म. मग तळाशी बुडबुडे धरतात आणि कडेला चंद्रकोरीएवढी फट पडते. किती देखणं काम!

म्हातारपणी उघडाच अडकला, तर तापमानाचा काटा वर येत नाही, ॲव्हरेज पडतं. बंद अडकला, तर खंबाटकी घाट चढताना काटा लालात जातो. इंजिन फणफणलेलं आणि रेडिएटर मात्र गार. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, झाकणाला हात लावू नका. दाबाखालचं कूलंट शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच उसळून अंगावर येतं. गाडी तशीच दामटलीत तर हेड वाकतं, गॅस्केट जातं.

"आपल्या हवेत हा लागतोच कशाला?" म्हणत पुष्कळ मेकॅनिक त्याला काढून फेकतात. हा अन्याय आहे. थंड इंजिन जास्त झिजतं, पेट्रोलही जास्त पितं. शिवाय काही इंजिनांत तापल्यावर बायपासची वाट बंद करणं हेही त्याचंच काम. तो नसला की थोडं पाणी रेडिएटरला न भेटताच परत फिरतं आणि घाटात गाडी उलट जास्त तापते.

बऱ्याच थर्मोस्टॅटच्या कडेला इवलंसं भोक असतं, त्यात एक सैल पिन लुटलुटत असते. दार बंद असलं तरी कोंडलेल्या हवेला तो तेवढी वाट देतो. नवा बसवताना ती पिन वरच्या अंगाला ठेवा.