यवतचा माळ

वसंत म्हटला कीं आंब्याचा मोहोर, कोकिळेचा पंचम आणि पुष्पभारानें लवलेल्या वेली, अशी आपली समजूत काव्यांनीं करून ठेविली आहे. यवतजवळ भुलेश्वराच्या डोंगराकडे जो खडकाळ माळ पसरला आहे, तेथें फाल्गुनाअखेर यांतलें कांहींएक आढळत नाहीं. कालव्याखालीं हिरवागार ऊस. माळावर मात्र वर्षाकांठीं जेमतेम २० इंच पाऊस आणि वाळलेलें कुसळी गवत.

पाडव्याच्या आधल्या रविवारीं मुलांसह आम्ही सूर्योदयापूर्वींच तेथें गेलों. अर्धी घटका कांहींच दिसेना. मग एक ढेंकूळ चालूं लागलें! तो धाविक पक्षी. चार पावलें धांवावें, ताठ उभें राहावें, लवून किडा टिपावा, पुनः धांवावें, असा त्याचा क्रम. पलीकडे चिमणीहून लहान डोंबारी आकाशांत चढे, पंख मिटून शीळ घालीत खालीं कोसळे, आणि जमिनीस टेकतो न टेकतो तोंच पुनः वर उसळे. त्यास हें नांव ज्यानें दिलें त्याची दृष्टि कवीचीच म्हणावयाची. फुलें मात्र शोधावीं लागतात. काटेरिंगणीचीं जांभळीं फुलें भुईसरपट, नेपतीच्या निष्पर्ण काटक्यांवर विटकरी रंगाचीं. माळाचा खरा फुलोरा श्रावण-भाद्रपदांतला.

ऊन चढूं लागतांच पखुर्ड्यांचे थवे पाण्याकडे निघाले. पिलें असलीं म्हणजे यांतला नर पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवितो आणि तें पाणी कोसभर दूर नेऊन पिलांस पाजतो. मुलांस हें सांगितलें तेव्हां त्यांस तें पुराणांतलेंच वाटलें.

इतक्यांत माळटिटवीनें आक्रोश मांडला. मेंढरांमागून येणारा धनगर ओरडला, “मागं सरा दादा, पायाखालीं अंडीं हायती!” तीन हातांवर, खड्यांच्या खळगींत, खड्यांच्याच रंगाचीं चार अंडीं होतीं. दाखविल्यावरही धाकट्यास तीं दिसेनात. उन्हांत अंडीं तापूं नयेत म्हणून आम्ही लगेच दूर झालों.

अशा जमिनीस कागदोपत्रीं ‘पडीक’ म्हणतात. सरकारी पडीक जमिनींच्या नकाशांत गवताळ माळांचीही गणना होते, आणि मग तेथें चर खणून गिरिपुष्पासारखीं परकीं झाडें लावण्याची हौस येते. वृक्षारोपण पुण्यकर्म खरें; आपल्या घरचीं मुलेंही त्यास उत्साहानें जातात. पण माळावर झाडी वाढली कीं कावळ्यांस व शिक्रयांस टेहळणीची जागा मिळते, भुईवर घरटें करणारे पक्षी उठतात, आणि मेंढरांचें गवतही जातें. चारशें वर्षांच्या वडाइतकेंच हें गवतही जुनें असूं शकतें, ही गोष्ट कोणी सांगत नाहीं. माळढोकासाठीं सोलापूरजवळ नान्नज येथें १९७९ सालीं अभयारण्य झालें. आज साऱ्या देशांत तो पक्षी दीडशेंच्या आसपास उरला आहे. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ सालचें, तेथें चिंकारा हरणें दिसतात. पण त्याचा विस्तार अवघा ५ चौरस किलोमीटरांचा. बाकी माळाची राखण अद्याप धनगरांच्या डोळ्यांवरच आहे.

वाचकांपैकीं कोणी गेल्यास मेंढरांची पायवाट सोडूं नये. मध्य आशियांतून येणारे भोवत्ये चैत्रांत परततात. ते पाहावयाचे असल्यास पौषांत जावें, आणि सायंकाळपर्यंत थांबावें, कारण ते रात्रीच्या मुक्कामास थव्यानें याच गवतांत उतरतात.