नंबर लागेल का?

जून महिना लागला की आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन माणसे येतात. "सर, बच्चे का नंबर लगेगा क्या?" विचारणारा कधी रिक्षावाला असतो, कधी बेकरीवाला, कधी स्वतःच शाळेतला शिक्षक. आम्ही तिघे आहोत. एक निवृत्त विज्ञान शिक्षक, एक बँकेतले आणि एक तहसील कचेरीच्या आवारात अर्ज लिहून देणारे. जोहरची नमाज झाली की जमातखान्यात दोन तास बसतो आणि बारावी झालेल्या मुलामुलींचे अर्ज भरून देतो. आम्ही कुणी नजूमी नव्हे. गैबची खबर एका अल्लाहलाच. तरीही अंदाज सांगावा लागतो, कारण त्यावर घराघरांत निर्णय होतात. कुणाचा प्लॉट विकला जातो, कुणाचे शिक्षण थांबते, कुणाचा निकाह ठरतो.

२०२४ च्या जूनमध्ये एक बागवान गृहस्थ मुलीला घेऊन आले. बाजारात त्यांचा फळांचा गाडा. मुलीला नीट परीक्षेत ७२० पैकी ४८१ गुण, आणि घरात पुण्याहून चांगला रिश्ता आलेला. म्हणाले, "सर, चान्स असेल तर एक वर्ष थांबतो. नसेल तर साफ सांगा. लडकी की जिंदगी का सवाल है." मुलगी मान खाली घालून बसली होती. तिच्या मांडीवर सराव परीक्षांची वही होती. आम्ही आधी ती वही मागून घेतली.

लोक फक्त एकूण गुण बघतात. आम्ही ते गुण कुठून आले आणि कुठे गेले ते बघतो. जीवशास्त्रात ही मुलगी ३६० पैकी ३०० च्या पुढे होती, भौतिकशास्त्रात १८० पैकी ७० च्या आसपास. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ वजा, सोडलेल्या प्रश्नाला काही नाही. खऱ्या परीक्षेत तिची १३० उत्तरे बरोबर होती आणि ३९ चुकलेली. म्हणजे मिळवलेले ३९ गुण तिने आपल्या हाताने परत दिले होते. मुलगी कच्ची नव्हती. प्रश्न सोडून द्यायला ती घाबरत होती आणि भौतिकशास्त्र तिला कुणी समजावून शिकवले नव्हते. या दोन्ही गोष्टी वर्षभरात सुधारण्यासारख्या होत्या. काय सुधारू शकते आणि काय नाही, याच्या दोन याद्या केल्याशिवाय कोणत्याही अंदाजाला अर्थ नसतो.

दुसरी गोष्ट, प्रवेश गुणांवर मिळत नाही, क्रमांकावर मिळतो. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक मुले ही परीक्षा देऊन आली. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या सुमारे निम्म्याच सरकारी. २०२४ मध्ये पैकीच्या पैकी ७२० मिळवणारी बरीच मुले होती. २०२५ चा पेपर इतका कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ गुण होते. "गेल्या साली अमक्याला इतक्या गुणांवर मिळाले" हा हिशेब म्हणूनच फसवा. मागच्या वर्षीच्या मापाने या वर्षीचे कापड बेतू नये.

तिसरी गोष्ट कागदाची. आपल्या माणसांचे सर्वात मोठे नुकसान इथे होते. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी या बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसीच्या यादीत आहेत. पण जातीचा दाखला हवा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि आपल्या किती तरी घरांच्या जुन्या दाखल्यांवर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. मास्तरांनी विचारले नाही, आजोबांनी सांगितले नाही. इस्लाममध्ये जात नाही असे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेच आहे. पण कचेरीतला रकाना ईमान विचारत नाही, घराणे कोणत्या बिरादरीचे ते विचारतो. या मुलीच्या आजोबांच्या दाखल्यावरही 'मुसलमान' एवढेच होते. आमच्यातले अर्जवाले तिच्या वडिलांना घेऊन मूळ गावी गेले. तिथल्या शाळेच्या जनरल रजिस्टरात चुलत आजोबांची १९५६ सालची नोंद सापडली: 'मुसलमान बागवान'. मग दाखला, पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर. सगळे मिळून आठ महिने गेले. निकालानंतर धावाधाव करणाऱ्याला हे आठ महिने कुठून मिळणार?

ज्यांचे घर कोणत्याच आरक्षित प्रवर्गात नाही, त्यांना २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकाच्या १० टक्के जागा आहेत. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असावे आणि बाकीच्या अटी पुऱ्या व्हाव्यात, एवढेच. शेख, सय्यद, पठाण मंडळी आम्हाला विचारतात, "वो अपने को है क्या?" आहे. उलट २०१४ च्या ५ टक्के मुस्लिम आरक्षणाची आशा अजून काहींना असते. तो अध्यादेश होता. उच्च न्यायालयाने शिक्षणापुरता त्याला आडकाठी केली नव्हती, पण पुढे त्याचा कायदा झाला नाही आणि तो संपला. जे नाही त्याची वाट बघण्यात जे आहे ते हातचे जाते.

कोकणातल्या एका घराचा मुलगा दुबईत दहावी-बारावी करून आला होता. गुण उत्तम, रहिवासाचा दाखलाही होता. पण राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. हे त्याच्या अब्बांना दहावीच्या आधी कुणी सांगितले असते तर!

चौथी गोष्ट मनातली. सच्चर समितीने २००६ मध्ये लिहिले होते की नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या दर २५ विद्यार्थ्यांत १ मुस्लिम आहे. हा आकडा भाषणांतून इतका ऐकवला गेला की मुलांनी तो आपले नशीब म्हणून घेतला. "अपने को कौन लेगा?" अर्जातले पसंतीक्रमसुद्धा ती भीतीने भरतात. मिळण्यासारखे वर आणि हवे ते खाली. हवे ते वर लिहिल्याने काही वजा होत नाही, हे प्रत्येकाला समजावावे लागते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या यंत्राला नाव वाचायचे नसते.

त्या बागवान गृहस्थांना आम्ही सांगितले, "सरकारी एमबीबीएसची आशा निम्मी-निम्मी. आयुर्वेद किंवा दंतवैद्यकाची पुष्कळ. दाखला मिळाला नाही तर दोन्ही कमी. मुलीला वर्ष द्यावे असे आमचे मत. रिश्ता चांगला असेल तर थांबेल." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलीची अम्मी एकटीच आली. "सर, मैं देती बेटी को एक साल. उनको मैं समझाती."

२०२५ मध्ये तिला ४५२ गुण मिळाले. वडील घाबरून आले, "सर, और कम हो गए!" गुण २९ नी उतरले होते, क्रमांक मात्र निम्म्याहून अधिक वर सरकला होता. चुकलेली उत्तरे ३९ वरून २० वर आली होती. सरकारी एमबीबीएस मिळाले नाही. शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात मिळाले. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ आहे. गाड्यावरच्या कमाईत वसतिगृहाचा खर्च भागतो. पुण्याचा रिश्ता थांबला नाही. मुलीने त्याबद्दल आमच्यापाशी कधी एक शब्द काढला नाही.

खोटी आशा दाखवणारा आणि "नहीं होगा" म्हणून मोकळा होणारा, दोघेही मुलांचे सारखेच नुकसान करतात. पहिला बापाचे पैसे घालवतो, दुसरा मुलीचे आयुष्य. वाचकांपैकी कुणाचे मूल आज आठवी-नववीत असेल तर त्यांना आमची एक विनंती आहे. यंदाच्या सुट्टीत मूळ गावच्या शाळेत जा, आजोबांचे नाव जुन्या रजिस्टरात शोधा आणि रकान्यात काय लिहिले आहे ते बघून या. मार्कांचा अंदाज नंतर बांधता येईल.