डॉक्टरांच्या बैठकीतील एक खुर्ची

खुलताबादेत कारकुनी करता करता आमची चाळिशी कधी उलटली ते कळलेच नाही. बी. कॉम. झालेला माणूस. जमाखर्च कळतो, औषधपाण्यातले काही कळत नाही. म्हणूनच शहरातल्या एका रुग्णालयाच्या नीती समितीवर सभासद व्हा, असे पत्र आले तेव्हा मुलांच्या आईने विचारले, "अहो, डॉक्टरांच्या बैठकीत तुमचं काय काम?" आम्हालाही तेच वाटत होते.

काम काय, ते मागाहून कळले. नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची तर आधी अशा समितीची मंजुरी लागते. केंद्र सरकारच्या 2019 च्या नियमांप्रमाणे समितीत किमान 7 सभासद हवेत, निम्मे तरी संस्थेबाहेरचे हवेत. डॉक्टर, कायद्याचा जाणकार, समाजात वावरणारा कोणी, आणि एक अगदी सामान्य माणूस. चाचणीचा कागद तपासायला किमान 5 जण बसावे लागतात आणि त्यात हा सामान्य माणूस असावाच लागतो. ती खुर्ची आमची!

पहिल्या दोन बैठकांना आम्ही दौलताबादच्या घाटातून एस.टी.ने गेलो, चहा घेतला, सही केली आणि परत आलो. तोंडातून शब्द काढला नाही. एवढी शिकलेली माणसे बोलत असताना आपण काय बोलणार?

तिसऱ्या बैठकीआधी घरी कागद आले. त्यात रुग्णाने सही करायचे मराठी संमतिपत्र होते. एका ओळीत 'यादृच्छिक पद्धतीने गटनिश्चिती' असे लिहिलेले. कागद कोणाला दाखवायचा नाही असे आम्ही लिहून दिले होते. पण एक शब्द विचारायला कुठे बंदी होती? आम्ही स्वयंपाकघरात विचारले, "यादृच्छिक म्हणजे काय गं?" भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "देवगिरीच्या यादवांचं काही असंल!" आम्ही हसलो. पण रात्री झोप लागेना. अशा शब्दाखाली उद्या आपल्याच वस्तीतली एखादी माय अंगठा देणार होती.

बैठकीत आम्ही हात वर केला. आवाज कापत होता. एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, "भाषांतर प्रमाणित आहे." आम्ही म्हणालो, "साहेब, असेल. पण आमच्या गल्लीतल्या बाईला ते कळेल का?" सगळे गप्प झाले. अध्यक्षांनी कागद दुरुस्तीला परत पाठवला. पुढच्या वेळी तिथे लिहिले होते : 'कोणाला नवी गोळी आणि कोणाला नेहमीची, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल.' बाहेर पडताना त्याच डॉक्टरांनी आमच्या खांद्यावर हात ठेवला. पण आधीच्या दोन बैठकांत आमच्या डोळ्यांदेखत कोणते शब्द तसेच पुढे गेले असतील? ते आजही मनाला डाचते.

वाचकहो, ही भीती उगाच नाही. अमेरिकेत टस्कीगी येथे 1932 पासून 40 वर्षे गरीब काळ्या पुरुषांवर सरकारी अभ्यास चालला. त्यातल्या 399 जणांना गरमीचा रोग होता. 'तुमचे रक्त खराब आहे' एवढेच त्यांना सांगितले. पेनिसिलीन हा खात्रीचा उपाय हाती आल्यावरही दिला नाही. 1972 साली, म्हणजे आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली त्याच वर्षी, हे वर्तमानपत्रांतून उघड झाले. आपल्या देशातही 2009 मध्ये खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस टोचली, तेव्हा कित्येक संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. लस वाईट नव्हती. ती आज जगभर दिली जाते. पण आईबापांना विचारले नव्हते, हा दोष होता.

डॉक्टर आपले वैरी नाहीत. चाचण्या झाल्या नाहीत तर नवी औषधे येणार कुठून? पण असा कागद पुढे आला तर आधी विचारा : माझा फायदा काय, धोका काय? नाही म्हटले तरी तुमचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. चाचणी मधेच सोडता येते. चाचणीमुळे अपाय झाला तर उपचार मोफत आणि भरपाईचाही हक्क आहे. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर सगळे वाचून दाखवले पाहिजे. आणि कागदाची प्रत घेतल्याशिवाय उठू नका.

आमच्यासारखे पत्र तुमच्यापैकी कोणाला आले तर 'आपल्याला काय कळते' म्हणून नाही म्हणू नका. जरूर जा. पण आमच्यासारखे दोन बैठका गप्प बसू नका.