मुलीबरोबर राहुरीला

आपण बाजारात बैल घ्यायला गेलो की दात बघतो, चालवून बघतो. पण पोर जिथं चार वर्षं राहणार ते कॉलेज न बघताच अर्ज भरून मोकळे होतो. तेव्हा एकदा जाऊन याच. मात्र प्रश्न आपणच विचारायचे, असं समजून जाऊ नका.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही बापलेक राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गेलो. नगर-मनमाड रस्त्याला हे गाव. १९६८ साली राज्याला एकच कृषी विद्यापीठ होतं. पुढं भावकीत वाटण्या व्हाव्यात तशी अकोला, परभणी, दापोली वेगळी झाली. डाळिंबाचा ‘भगवा’ इथलाच.

बाहेर टपरीवर चहा घेताना एका म्हाताऱ्यानं विचारलं, “काय बघायला आलात?” म्हटलं, “कॉलेज.” तो म्हणाला, “तुम्ही कॉलेज बघा. मी माझं वावर बघायला येतो.” विद्यापीठासाठी आसपासच्या गावांच्या जमिनी गेल्या, हे ऐकून होतो. पण तो माणूस शेजारी बसून चहा पितोय म्हटल्यावर घोट उतरेना.

आत त्रिवेणी गाई बघितल्या. होल्स्टिन, जर्सी आणि आपली गीर, तिन्हींचं रक्त एकत्र आणून केलेली ही गाय. मी तिथल्या गड्याला दूध किती, भाकड किती दिवस, असं विचारत सुटलो. पोरीनं बाही ओढली. “अण्णा, आपण गाय घ्यायला नाही आलो.”

तिनं मात्र कामाचं विचारलं. शेवटच्या वर्षाची एक मुलगी भेटली. ती कृषिकन्या म्हणून काही महिने खेड्यात राहून आली होती. वसतिगृहात पाणी किती वेळ येतं, शेतावरचं काम खरंच करायला लावतात की वहीतच, आणि खेड्यात मुलींचं कुणी ऐकतं का, हे सगळं हिनं विचारून घेतलं. शेवटच्या प्रश्नावर ती हसली. म्हणाली, “बायका लगेच ऐकतात. पुरुष माती तपासणीचा कागद हातात पडल्यावर.”

मग एका प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला, “शिकून काय करणार, बाळ?” अधिकारी होणार म्हणून सांग, असं मी वाटेत पढवलं होतं. ती म्हणाली, “शेती.”

“कुणाची?” सरांनी सहज विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी टेबलावरच्या बियाणांच्या बाटल्या बघू लागलो.

घरची गोष्ट सांगतो. थोरला पुण्याकडं कंपनीत आहे. कुठल्या तुकड्यात काय उभं आहे, हे त्याला फोनवर सांगावं लागतं. रात्रीची वीज आली की मोटार चालू करायला उठते ती ही पोर. ठिबकची गाळणी धुते तीच. आणि दिवाळीनंतर दोन्ही गट थोरल्याच्या नावावर करायचं मी भावाशी बोलून बसलो होतो. वडिलार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच जन्मापासून हक्क आहे, हा २००५ चा कायदा मला ठाऊक नव्हता असं नाही. तलाठ्याच्या दारात गेलं की आपण तो विसरतो, एवढंच.

सरांनीच विषय बदलला, प्रवेशाची कागदपत्रं सांगितली. बाहेर आल्यावर ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. एसटीत खिडकीशी डोकं टेकून झोपून गेली.

मी खिशातल्या कागदावर दोन्ही गटांचे नंबर लिहिले. विहीर कुठल्या गटात, बांध कुठून जाईल, पाण्याची पाळी कशी लावायची. नगर येईपर्यंत कागद भरला होता.