मुन्नारचे डोंगर आणि पंचवीस वर्षांचा करार

केरळातील इडुक्की जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर, मुन्नार हे थंड हवेचे ठिकाण आहे. मल्याळी भाषेत 'मून्नु' म्हणजे तीन आणि 'आर' म्हणजे नदी. तीन नद्यांच्या संगमावर वसलेले म्हणून हे मुन्नार. पुण्यामुंबईच्या मंडळींस कोकण रेल्वेने एर्नाकुलमपर्यंत सुखाने जाता येते. तेथून पुढे सुमारे १३० किलोमीटरचा मोटाररस्ता आहे. नेर्यामंगलमचा पूल ओलांडला की घाट लागतो, हवा पालटू लागते, आणि थोड्याच वेळात डोंगरच्या डोंगर कातरलेल्या हिरव्या मखमलीने मढविल्यासारखे दिसू लागतात. ते चहाचे मळे होत. मळ्यांतील मजूरवर्ग बहुतांशी तमिळ असल्यामुळे गावात इडली, पोंगल व केळीच्या पानावरचा भात हवा तेव्हा मिळतो. शाकाहारी माणसाची मुळीच गैरसोय होत नाही.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही सहकुटुंब तेथे आठवडाभर राहून आलो. बरोबर आमच्या वडील भगिनी व त्यांचे यजमान होते. प्रवासवर्णनात घरगुती गोष्टींना स्थान देऊ नये असा संकेत आहे खरा. परंतु या खेपेस मुन्नारचा इतिहास आणि आमच्या मेहुण्यांच्या पुढ्यात पडलेला एक कागद यांचा असा काही मेळ बसला की, एकावाचून दुसऱ्याची हकीकत सांगणे अवघड आहे.

कागद होता टाइमशेअरचा. एकाच खोलीचे वर्षातील दिवस अनेक कुटुंबांनी वाटून घ्यावयाचे, आरंभी एक मोठी रक्कम भरावयाची आणि पुढे ठराविक वर्षे दरसाल आठवडाभर तेथे किंवा त्याच मंडळींच्या दुसऱ्या विश्रामस्थानी राहावयाचे, अशी ही योजना. १९६० नंतरच्या दशकात ती युरोपात आल्प्सच्या बर्फाळ प्रदेशात रुजली व पुढे जगभर पसरली. आपल्याकडे बहुधा खोलीची मालकी मिळत नाही, मिळतो तो केवळ राहण्याचा हक्क. आणि २५ वर्षांची मुदत या धंद्यात रूढ झाली आहे. आम्ही उतरलो होतो तेथील विक्रेते गृहस्थ मोठे गोडबोले. दुसऱ्याच दिवशी चहाला बोलावून त्यांनी हिशेब मांडला. मुदत जितकी लांब तितकी रात्र स्वस्त!

मेहुणे नुकतेच ५८ वर्षांचे होऊन निवृत्त झालेले. ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेत येऊन पडलेली. त्यांचा एक चिरंजीव बंगळूरला, दुसरा पुण्यास, कन्या नागपूरला. ताईंचे मन त्या कागदावर जडले ते खोलीसाठी नव्हे. त्या म्हणाल्या, "दिवाळीला एक येतो तर दुसरा येत नाही. आठवडा ठरलेला असला, पैसे भरलेले असले, म्हणजे तरी सारी एकत्र येतील." या बोलण्यावर मेहुण्यांना उत्तर सुचेना, आणि आम्हासही सुचले नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही एरविकुळमच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. हिमालयाच्या दक्षिणेकडील सर्वांत उंच शिखर आनमुडी, उंची २६९५ मीटर, ते येथेच. नीलगिरी ताहर नावाच्या रानबकऱ्या माणसाची फारशी भीडभाड न धरता रस्त्याकडेला चरत असतात. याच उतारांवर नीलकुरिंजी दर १२ वर्षांनी एकदाच फुलते आणि सारा डोंगर निळाजांभळा होतो. मागील बहर २००६ व २०१८ सालचे. पुढचा २०३० साली अपेक्षित आहे. मेहुणे तेथेच हिशेब करू लागले. २५ वर्षांत दोन बहर तरी नक्की. १० वर्षांचा करार केला तर कदाचित एक, कदाचित एकही नाही! लांब मुदतीच्या बाजूने याहून सुंदर पुरावा विक्रेत्यासही सुचला नसता. मात्र २०१८ च्या ऑगस्टात, ऐन बहराच्या तोंडावर, केरळात महापूर आला, दरडी कोसळल्या, रस्ते तुटले, आणि बारा वर्षे वाट पाहिलेल्या कितीतरी प्रवाशांस ती फुले दिसलीच नाहीत. मुदत म्हणजे संधी. संधी म्हणजे लाभ नव्हे.

उद्यानाची कथाही मुदतीचीच आहे. १८७७ साली पूञ्ञारच्या संस्थानिकांनी कण्णन देवन डोंगरांचा हा अफाट प्रदेश जॉन डॅनिएल मन्रो नामक इंग्रजास पट्ट्याने दिला. पुढे जंगल तोडून चहा लागला. देणाऱ्याघेणाऱ्यांस वाटले असेल की व्यवहार आचंद्रार्क झाला. परंतु १९२४ च्या जुलैतील महापुराने मळेवाल्यांनी बांधलेली छोटी आगगाडीच वाहून नेली, ती पुन्हा धावली नाही. आणि १९७१ साली केरळ सरकारने खास कायदा करून या जमिनी परत आपल्याकडे घेतल्या, चहाच्या लागवडीखालील तेवढ्या वगळल्या. परत आलेल्या जमिनीतूनच १९७५ साली अभयारण्य आणि १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झाले. ज्याने शतकाचा विचार केला त्यास काळाने शतकही पुरे करू दिले नाही.

पुढे आम्ही तेक्कडीस गेलो. वेलदोड्यांच्या मळ्यांतून जाणारा हा सुमारे १०० किलोमीटरचा रस्ता अत्यंत रमणीय आहे. तेथील पेरियार सरोवरात नौकेतून फिरताना पाण्यातून वर आलेले वृक्षांचे काळे बुंधे दिसतात. हे सरोवर मुल्लपेरियार धरणामुळे झाले. १८८६ साली त्रावणकोर संस्थान व ब्रिटिश सरकार यांच्यात करार झाला, त्याची मुदत ९९९ वर्षे! सुमारे ८००० एकर जमीन, दर एकरी सालीना ५ रुपये खंड. १८९५ साली धरण पुरे होऊन पश्चिमेकडे वाहणारे पाणी बोगद्याने पूर्वेस मदुरेकडे वळले, आणि तिकडील कोरडवाहू मुलूख पिकू लागला. त्या पाण्याचे मोल वाढत गेले, खंड मात्र ५ रुपयांवरच खिळलेला. अखेर १९७० साली तो एकरी ३० रुपये झाला आणि मासेमारीचा हक्क केरळास मिळाला. धरणाच्या सुरक्षिततेवरून दोन राज्यांतील वाद तर सर्वश्रुतच आहे.

नौका काठाला लागेपर्यंत आमच्या मनात एक गोष्ट स्पष्ट झाली. मुदत लांब की आखूड, हा प्रश्न एकटा विचारण्यात अर्थ नाही. लांब मुदत कोणाच्या फायद्याची? ज्याचे देणे कायमचे ठरून गेले आहे त्याच्या. पेरियारच्या करारात खंड देणाऱ्याचे देणे ठरलेले होते, म्हणून ९९९ वर्षे त्याच्या पथ्यावर पडली. टाइमशेअरमध्ये आरंभीची रक्कम ठरलेली असते खरी, परंतु दरसाल द्यावयाचा देखभालीचा आकार ठरलेला नसतो. तो वाढविण्याचा अधिकार बहुधा विक्रेत्याच्या हाती असतो. म्हणजे घेणारा २५ वर्षे बांधलेला आणि आकडा मोकळा!

त्या रात्री आम्ही हिशेब मांडला. आकडे केवळ उदाहरणाचे, पण रीत वाचकांस उपयोगी पडेल. २५ वर्षांस ५ लाख आणि १० वर्षांस ३ लाख भरावयाचे आहेत असे धरू. वर्षाला ७ रात्री, म्हणजे पहिल्यात १७५ रात्री आणि दर रात्रीस सुमारे २८५७ रुपये. दुसऱ्यात ७० रात्री आणि दर रात्रीस सुमारे ४२८६ रुपये. विक्रेता एवढेच सांगून थांबतो. परंतु आज हातचे दिलेले पैसे व्याजही बुडवितात. शेकडा ७ दराने व्याज धरून त्या रकमा वर्षावर्षांत समान वाटल्या, तर दोन्ही करारांत वर्षास सुमारे ४३ हजारच पडतात! लांब मुदतीची सारी स्वस्ताई व्याजाने खाऊन टाकली. त्यावर देखभालीचा आकार. तो आरंभी २० हजार असून दरसाल शेकडा ६ ने वाढला, तर १० वर्षांत एकूण सुमारे २ लाख ६४ हजार होतो आणि २५ वर्षांत सुमारे ११ लाख, म्हणजे मूळ किमतीच्या दुपटीहून अधिक. राहावयास जा अथवा न जा, हा आकार द्यावाच लागतो.

लांब मुदतीची बाजू अगदीच लंगडी आहे असे मात्र आमचे म्हणणे नाही. खोल्यांचे भाडे पुढे भडकेल, त्यापासून मूळ रकमेपुरते संरक्षण मिळते. तिशीपस्तिशीचे, लहान मुलांचे, दरसाल नेमाने प्रवास करणारे कुटुंब असेल आणि वार्षिक आकाराच्या वाढीस करारातच लेखी मर्यादा असेल, तर २५ वर्षे कारणी लागतील. परंतु मेहुण्यांची २५ वर्षे ८३ व्या वर्षी संपावयाची. घाटाचा रस्ता, गुडघे, श्वास यांचा विचार कोणत्याही रकान्यात नव्हता. पुढे करार वारसांकडे जावयाचा, म्हणजे हक्काबरोबर देणेही जावयाचे. मुलांस संपत्ती ठेवावयाची की दरसालचे बिल, हे ज्याचे त्याने ठरवावे.

परदेशांतील अनुभवही हेच सांगतो. युरोपीय संघाच्या २००८ सालच्या नियमांप्रमाणे सही केल्यावर १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते. स्पेनमध्ये अशा कराराची कमाल मुदत ५० वर्षे ठरली आहे, आणि बेमुदत चालणारे करार तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्दबातल ठरविले. आपल्याकडे गाऱ्हाणे न्यावयाचे ते २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या दारी. परंतु दारात जाण्यापेक्षा उंबरठ्यावर विचार केलेला बरा.

दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी विक्रेत्यास तीन गोष्टी लेखी मागितल्या. आकाराची वाढ शेकडा किती याची मर्यादा. मध्येच करार सोडल्यास किती पैसे परत. आणि हवा तो आठवडा किती महिने आधी मागितल्यास खात्रीने मिळेल. तोंडी होकार तिन्हींस मिळाला, लेखी एकासही नाही. मेहुण्यांनी नमस्कार केला आणि कागद परत दिला.

ताईंचा प्रश्न मात्र उरलाच होता, आणि तो हिशेबाचा नव्हता. मेहुणे त्यांस म्हणाले, "५ लाख बँकेत ठेवू. वर्षाचे व्याज ३५ हजार, वाचलेला आकार २० हजार. हे ५५ हजार मुलांच्या भेटीचे. आठवडा तू ठरव, गाव त्यांना ठरवू दे. आणि ज्या वर्षी आपल्याला घाट चढवणार नाही, त्या वर्षी तीच आपल्याकडे येतील." मुद्दलाचे मोल महागाईने उतरत जाईल, हे आम्ही त्यांस सांगितले. त्यांनाही ते ठाऊक होते. तरी मुद्दल हातात राहते आणि दुखण्याखुपण्यास उपयोगी पडते, हे काही थोडे नव्हे. ताई जरा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी मोबाइल काढून थोरल्यास फोन लावला. पहिला आठवडा वैशाखातला ठरला आहे. गाव अद्याप ठरावयाचे आहे. तिघांची तीन मते आहेत असे कळते.

मुन्नारला जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांस एवढेच सुचवितो की, एरविकुळमचे उद्यान ताहरांच्या विणीच्या दिवसांत, साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, बंद असते. तेवढे टाळून जावे. सोबत लोकरीचे कपडे असावेत. आणि तेथे कोणी चहाला बोलावून कागद पुढे केला, तर चहा अवश्य घ्यावा, तो उत्तम असतो. कागद मात्र घरी आणून, घरातील सर्वांत वडील आणि सर्वांत धाकट्या कमावत्या माणसास वाचावयास द्यावा. मुदतीचा भार त्या दोघांवरच पडावयाचा असतो.