आमराईतील शिक्रा

चैत्र-वैशाखातील सकाळी गावाबाहेरची आमराई नाना आवाजांनी गजबजलेली असते. खारी फांद्यांवरून धावत असतात, साळुंक्यांची भांडणे रंगात आलेली असतात आणि सातभाईंचा मेळा पाचोळा उलथून किडे टिपण्यात गढून गेलेला असतो. अशा वेळी एकाएकी सातभाई कलकलाट करीत झुडपांत शिरतात, खार बुंध्याला चिकटून निश्चल होते आणि क्षणभर सारी आमराई चिडीचूप होते. जाणत्या गुराख्याला मान वर न करताही कळते, की शिक्रा आला!

हा शिक्रा दिसावयास काही फार मोठा पक्षी नव्हे. आकाराने तो जेमतेम पारव्याएवढा. नराची पाठ निळसर राखी असते; पांढऱ्या पोटावर विटकरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा असतात आणि डोळा लालभडक असतो. मादीची पाठ किंचित तपकिरी, डोळा पिवळसर नारिंगी आणि अंगलट मात्र नराहून थोराड. शिकारी पक्ष्यांच्या घराण्यात बहुधा मादीच थोरली असते.

आकाशात घिरट्या घालणाऱ्या घारीशी शिक्र्याची तुलना केली, म्हणजे त्याच्या शरीराची घडण नीट ध्यानात येते. घारीचे पंख लांब. वाऱ्यावर तरंगत राहणे हे त्यांचे काम. शिक्र्याचे पंख आखूड व टोकाशी वाटोळे; शेपटी मात्र लांब. दाट फांद्यांतून वेगाने जाताना आखूड पंख कोठे अडकत नाहीत आणि लांब शेपटी नावेच्या सुकाणूप्रमाणे त्याला झटकन वळवते. सह्याद्रीच्या घनदाट अरण्यात राहणारे त्याचे भाऊबंद, बेसरा आणि तुरेवाला शिक्रा, यांचीही ठेवण अशीच आहे. ज्याला ज्या रानात जगावयाचे असते, त्या रानाचा ठसा त्याच्या अंगावर उमटलेला असतो, तो असा.

शिक्र्याची शिकार म्हणजे बळापेक्षा संयमाचे काम होय. पानांच्या आडोशाला तो बराच वेळ निमूट बसून राहतो. खाली एखादा सरडा हलला, उंदीर बिळाबाहेर आला किंवा चिमणी बेसावध दिसली, की तो बाणासारखा सुटतो. सरडे, उंदीर, खारी, लहान पक्षी, बेडूक, टोळ, जे मिळेल त्यावर तो निर्वाह करतो. तथापि त्याची प्रत्येक झेप सफल होते असे नाही. कित्येकदा खारीच्या इशाऱ्याने सारे सावध होतात. कित्येकदा कोतवाल पक्षीच पाठलाग करून त्याला हुसकावून लावतो. ज्याला आपण क्रूर म्हणतो, तो पुष्कळदा उपाशीच फांदीवर परततो.

त्याच्या दराऱ्याचा लाभ मात्र दुसराच एक पक्षी उठवतो. ‘पेर्ते व्हा’ अशी हाक देणारा पावशा रंगाने, पट्ट्यांनी आणि उडण्याच्या ढंगानेही शिक्र्याची हुबेहूब नक्कल वाटतो. त्याला पाहून लहान पक्षी शिक्राच आला असे समजून घाबरतात. आणि पावशाची मादी आपली अंडी घालते, ती बहुधा सातभाईंच्या घरट्यात.

मार्च ते जून हा शिक्र्याच्या विणीचा काळ. आंब्यासारख्या गर्द झाडावर, उंच बेचक्यात, काटक्यांचे ओबडधोबड घरटे तयार होते. ते पाहून कोणालाही कावळ्याच्या घरट्याची आठवण व्हावी. त्यात बहुधा तीन किंवा चार फिकट निळसर पांढरी अंडी असतात. ती उबवण्याचे काम मुख्यतः मादी करते आणि तिच्या अन्नाची जबाबदारी नर उचलतो. सुमारे तीन आठवड्यांनी पिले बाहेर येतात आणि मग नराला क्षणाचीही उसंत राहत नाही. एका घरट्याचा संसार चालावा, म्हणून भोवतालच्या झाडीत किती सरडे, किती उंदीर, किती पाखरे नांदत असली पाहिजेत! जेथे शिक्र्याची पिले धडधाकट वाढतात, तेथे त्या झाडीची कोठारे भरलेली आहेत, असे खुशाल समजावे.

या पक्ष्याशी माणसाचे नाते निरनिराळ्या प्रकारचे राहिले आहे. पूर्वी शिकारीचे शौकीन त्याला पकडून शिकवीत व हातावर बाळगीत. कोंबडीचे पिलू उचलतो म्हणून कोणी त्याला दगड मारले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे व मारणे हा गुन्हा ठरला. परंतु मनात वैर नसतानाही माणसाच्या हातून शिकारी पक्ष्यांची केवढी हानी होऊ शकते, हे याच कुळातील एका पक्ष्याच्या हकिगतीवरून दिसून येते.

शिक्र्याचा एक जवळचा नातलग ‘स्पॅरोहॉक’ या नावाने ओळखला जातो. या जातीचे काही पक्षी हिवाळ्यात आपल्याकडेही उतरतात. पण ही गोष्ट ब्रिटनमधील आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील शेतीत डीडीटी व तशीच इतर विषारी औषधे सर्रास वापरली जाऊ लागली. पुढे स्पॅरोहॉक अनेक भागांतून दिसेनासा झाला. ससाण्याच्या घरट्यांत फुटलेली अंडी आढळू लागली. तेव्हा डेरेक रॅटक्लिफ या निसर्गशास्त्रज्ञाने संग्रहालयांत व लोकांच्या संग्रहांत जपून ठेवलेली जुनी अंडी तपासली, त्यांची नव्या अंड्यांशी तुलना केली आणि 1967 साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुमारे 1947 पासून ससाण्याच्या व स्पॅरोहॉकच्या अंड्यांची कवचे पातळ होत गेली होती. उबवावयास बसलेल्या आईच्या भारानेच ती फुटत होती!

हे कसे घडले? फवारलेले विष किड्यांत गेले. किडे खाणाऱ्या पाखरांच्या चरबीत ते थोडे थोडे साठले. आणि अशी अनेक पाखरे खाणाऱ्या शिकाऱ्याच्या वाट्याला त्या सर्वांचे विष एकत्र आले. साखळीच्या टोकाशी बसलेल्या या पक्ष्याला आपण बलवान समजत होतो. वस्तुतः खालच्या प्रत्येक कडीतील दोष त्यालाच भोगावा लागत होता. पुढे त्या औषधांवर क्रमाक्रमाने निर्बंध आले आणि स्पॅरोहॉक आपल्या जुन्या रानांत परतला. भारतातही 1989 साली शेतीसाठी डीडीटीचा वापर बंद करण्यात आला.

शिकारी पक्षी रानावर राज्य करतो, असे आपण म्हणतो. परंतु किडा, सरडा आणि चिमणी सुखरूप असतील, तरच त्याचे घरटे सुखरूप राहते. म्हणून उंच आंब्याच्या बेचक्यात शिक्र्याचे एखादे पिलू पंख फडफडवताना दिसले, तर त्याने उद्या मारावयाच्या सरड्यांचाच विचार करून खंत करू नये. ते पिलू तेथे वाढू शकले, याचा अर्थ त्याच्या पंखांखालची सारी आमराई अजून जिवंत आहे.